दुखण्याची गोळी आणि घरातली म्हातारी माणसे



एरवी मी तुमच्याशी बोंडअळीवर बोलतो, तुरीच्या मररोगावर बोलतो, संत्र्याच्या बहारावर बोलतो. आजचा विषय शेतातला नाही, घरातला आहे. पण तो शेतातूनच घरात येतो म्हणून माझ्याकडे आला असे समजा. गुडघे, कंबर, मान दुखते म्हणून आपल्या घरचे म्हातारे-म्हाताऱ्या ज्या गोळ्या घेतात, त्या कशा घ्याव्या आणि कशा घेऊ नये, एवढेच आज सांगायचे आहे.

मी डॉक्टर नाही. नागपूरच्या कृषी महाविद्यालयातून बी. एस्सी. झालेला माणूस. कोणाला कोणती गोळी द्यावी हे मी सांगणार नाही, ते डॉक्टरचे काम. पण जे माझ्या घरात झाले ते तुमच्या घरात होऊ नये असे वाटते, म्हणून बोलतो.

मी हुडकेश्वरला राहतो. आमच्या बाजूला आता शेतांपेक्षा ले-आउटच जास्त झाले, तरी आमचे थोडे वावर अजून आहे आणि बाबा अजून त्यात राबतात. वय ६८. बीपीची गोळी चालू आहे. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलची गोष्ट. गहू निघाला होता, ऊन मरणाचे होते आणि बाबांचे गुडघे ठणकत होते. एका डॉक्टरने पूर्वी कधीतरी पाच दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी होती, ती त्यांनी परत आणली. तिने भागले नाही म्हणून एका दुकानातून "काकाजी, ही घ्या, ही भारी आहे" म्हणून मिळालेली दुसरी सुरू केली. आणि शेजारच्या घरी कोणाची कंबर दुखत होती, त्यांच्याकडून तिसरी आली. तीन रंगांच्या तीन गोळ्या. बाबांच्या मते तीन वेगळी औषधे. कोणती ना कोणती लागू पडेलच, असा त्यांचा हिशेब.

आठ-दहा दिवस असे चालले. मग शौचाला काळे होऊ लागले, डांबरासारखे, चिकट. बाबांनी ते कोणाला सांगितले नाही. त्यांना वाटले, कारळाची चटणी जास्त झाली असेल. पोट दुखत नव्हते, म्हणून शंकाही आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात बैलाला पाणी पाजताना भोवळ येऊन पडले. दवाखान्यात नेले तेव्हा कळले की पोटात जखम होऊन आतल्या आत रक्त वाहत होते. रक्ताच्या दोन बाटल्या द्याव्या लागल्या. किडनीवरही ताण आला होता, ती पूर्ववत व्हायला काही आठवडे गेले. वाचले, हे नशीब.

डॉक्टरांनी मला घरातली सगळी गोळ्यांची पाकिटे आणायला सांगितली. ती टेबलावर मांडली आणि मी वाचू लागलो. पहिल्या पाकिटावर मोठ्या अक्षरात एक नाव, खाली बारीक अक्षरात डायक्लोफेनॅक. दुसऱ्यावर मोठे नाव वेगळेच, खाली बारीक अक्षरात पुन्हा डायक्लोफेनॅक, सोबत सूज उतरवायचे म्हणून आणखी एक द्रव्य. तिसऱ्यावर ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. ॲसिक्लोफेनॅक म्हणजे डायक्लोफेनॅकचा सख्खा भाऊ. म्हणजे बाबा तीन औषधे घेत नव्हते, एकच औषध तिप्पट घेत होते.

मला तिथे लाज वाटली, ती का ते तुम्हाला कळेल. मी गावोगाव तुम्हाला काय सांगत हिंडतो? की कीटकनाशकाच्या डब्यावरचे मोठे नाव पाहू नका, खालचे तांत्रिक नाव पाहा. दोन कंपन्यांचे दोन डबे आणले म्हणून दोन औषधे होत नाहीत, दोन्हींत इमिडाक्लोप्रिडच असू शकते. हे मी इतक्या वेळा सांगितले की तुम्हाला पाठ असेल. आणि माझ्या स्वतःच्या घरात, देवळीतल्या पाकिटांवरचे तांत्रिक नाव मी कधी वाचले नव्हते.

तर पहिली गोष्ट हीच. गोळीचेही तांत्रिक नाव असते. दुखण्याच्या गोळ्यांत नेहमी दिसणारी नावे थोडीच आहेत: डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, पायरॉक्सिकॅम, निमेसुलाइड, इटोरिकॉक्सिब. ही सगळी एका कुळातली. यांतली दोन एका वेळी घेऊ नयेत. दोन घेतल्याने दुखणे दुप्पट कमी होत नाही, नुकसान मात्र वाढते. पॅरासिटामॉल या कुळाबाहेरचे, त्याचे पुढे सांगतो. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्या. इंग्रजी बारीक अक्षर त्यालाच चांगले दिसते.

आणि दुकानात एक सवय मोडा. आपण म्हणतो, "दोन गोळ्या द्या", आणि दुकानदार कात्रीने पाकीट कापून दोन गोळ्या देतो. त्या तुकड्यावर नाव नसते, मुदतही नसते. बियाण्याची फाटलेली पिशवी, लेबल नसलेली, तुम्ही घ्याल का? नाव आणि मुदत छापलेला भाग मागून घ्या. तो देता येत नसेल तर कागदावर नाव लिहून घ्या. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ती गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, असा त्या रेघेचा अर्थ आहे. जनऔषधी केंद्रात औषध मूळ नावाने मिळते आणि स्वस्तही पडते, त्यामुळे तिथे नावाचा घोटाळा कमी होतो.

आता या गोळ्या पोटाला का लागतात ते थोडक्यात. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. सांध्यात ती सूज आणि ठणका आणतात. पण तीच द्रव्ये जठराच्या आतल्या अस्तराला सांभाळतात आणि किडनीत रक्त पुरेसे जाऊ देतात. या कुळातल्या गोळ्या ती द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. हे कसे घडते ते जॉन वेन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ साली ॲस्पिरिनवर काम करून दाखवले, त्यांना १९८२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तुमच्या भाषेत सांगायचे तर, जहाल फवारा मारला की मावा मरतो आणि मावा खाणारा ढालकिडाही मरतो. गोळीला सांधा कोणता आणि जठर कोणते हे कळत नाही.

म्हणूनच "इंजेक्शन घेतले म्हणजे पोटाला लागत नाही" हा समज खोटा आहे. औषध तोंडातून जावो की सुईतून, रक्तात मिसळले की ते जठराच्या अस्तरापर्यंत पोचतेच. जेवून घेतल्याने जळजळ कमी होते, उपाशीपोटी तर घेऊच नये, पण जेवलो म्हणजे जखम होणारच नाही असेही नाही. आधी कधी पोटात जखम झाली असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरला हे आधी सांगा. हृदयासाठी ॲस्पिरिनची लहान गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, पण तिच्यावर दुखण्याची गोळीही आपल्या मनाने चढवू नका. पोट सांभाळायला सोबत वेगळी गोळी द्यायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

किडनीचे मात्र जरा विस्ताराने सांगतो, कारण ते आपल्या नागपूरच्या उन्हाशी बांधलेले आहे.

तुमच्यापैकी जे पन्नाशीच्या पुढचे आहेत त्यांना आठवत असेल, मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की तासाभरात गिधाडे उतरायची. मग ती दिसेनाशी झाली. लोकांनी नाना तर्क केले. २००४ साली पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून कारण बाहेर आले: ढोरांच्या दुखण्यावर, सुजेवर जे डायक्लोफेनॅक टोचले जात होते, ते मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांच्या किडन्या बंद पडत होत्या. आपल्या देशातही तेच झाले. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात शंभरात एकसुद्धा उरली नाहीत. २००६ साली सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तरी लोक माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या आणून जनावरांना टोचत राहिले, म्हणून २०१५ साली माणसांच्या इंजेक्शनची बाटलीही ३ मिलिलिटरवर आणली. २०२३ साली जनावरांसाठीच्या किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही बंदी आली. आता आपल्याच जिल्ह्यातल्या पेंचच्या जंगलात गिधाडे पुन्हा वसवण्याचे काम चालू आहे. २०२४ च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रातून त्यासाठी गिधाडे आणली गेली. बैल लंगडत असेल तर पशुवैद्यकाला बोलवा, तो मेलॉक्सिकॅम देईल, त्याने गिधाडांना धोका नाही. घरच्या माणसाची गोळी कुटून बैलाला चारू नका, आणि बैलाचे औषध माणसाने घेऊ नये हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण मी ते पाहिले आहे.

गिधाडाची किडनी या औषधापुढे फार नाजूक, माणसाची तितकी नाही. तरुण, धडधाकट माणसाने दोन दिवस गोळी घेतली तर सहसा काही होत नाही. पण वय झाले की किडनीचे बळ मुळातच कमी होते. त्यात आपले ऊन. नागपूरला २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ४४-४५ तर आपण दर उन्हाळ्यात पाहतो. अशा उन्हात म्हातारा माणूस वावरात असतो, घामाने अंगातले पाणी जाते, आणि म्हातारपणी तहानही कमी लागते. पाणी कमी झाले की किडनीला रक्त कमी पोचते. त्या वेळी किडनीला त्या प्रोस्टाग्लँडिनचाच आधार असतो, आणि नेमका तोच आपण गोळीने काढून घेतो.

याच्यात बीपीच्या गोळीची भर पडते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल अशा नावांची गोळी चालू असेल, त्यात लघवी करवणारी हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा फ्युरोसेमाइड असेल, आणि वरून दुखण्याची गोळी, तर किडनीवर तिन्हीकडून ओढ पडते. शिवाय या दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी वाढते, पायावर सूज येते, हृदय अशक्त असेल तर दम लागतो. बाबांचे नेमके हेच झाले होते. म्हणून बीपी, साखर, हृदय किंवा किडनीचा आजार असलेल्या माणसाने "बीपीची कोणती गोळी चालू आहे" हे सांगितल्याशिवाय दुखण्याची गोळी आणूच नये. आणि हगवण, उलटी, ताप असताना किंवा उन्हाने अंग गळून गेलेले असताना ती गोळी पेटीतच राहू द्यावी. बीपीची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. अशा दिवसांत तिचे काय करायचे ते डॉक्टरलाच विचारावे.

मग दुखले तर काय करावे? बहुतेक डॉक्टर म्हाताऱ्या माणसाला आधी साधी पॅरासिटामॉल देतात. ती पोटाला आणि किडनीला त्या मानाने सौम्य. पण तीही निरुपद्रवी नाही, जास्त झाली तर यकृत निकामी करते. दोन मात्रांत ६ तासांचे अंतर ठेवा. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवस-रात्र मिळून ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, ही शेवटची हद्द आहे, घ्यायचे प्रमाण नव्हे. वय झालेले, अंगाने वाळलेले, यकृताचा आजार असलेले किंवा रोज दारू घेणारे यांची हद्द त्याहून बरीच खाली आहे, ती डॉक्टरकडून ठरवून घ्या. आणि इथेही नाव वाचायचेच. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असते, अंगदुखीच्या जोडगोळीत असते, तापाच्या गोळीत तर असतेच. तीन ठिकाणची मिळून हद्द कधी ओलांडली ते कळत नाही.

मलम चोळणे, शेक देणे हे आधी करून पाहावे. गुडघ्यावर लावायचे डायक्लोफेनॅकचे मलम रक्तात फार कमी उतरते, तरी वर दिलेले आजार असतील तर तेही विचारूनच लावा.

आठवडी बाजारात किंवा घरोघरी हिंडून "गुडघेदुखी मुळासकट जाईल" म्हणून पुड्या विकणारे येतात. पुडीवर काही लिहिलेले नसते. देशात ठिकठिकाणी तपासणीत अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि हीच दुखण्याची औषधे मिसळलेली सापडली आहेत. म्हणून तर दोन दिवसांत म्हातारी टुणटुणीत चालू लागते! मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. कोणी अशी पुडी महिनोन्‌महिने घेत असेल तर ती एकदम बंदही करू नये. स्टेरॉइड अचानक थांबवले तर जिवावर बेतू शकते. पुडी घेऊन दवाखान्यात जावे आणि न लाजता दाखवावी.

दुखणे येते कुठून, हेही पाहू या, कारण इथे माझ्या खात्याचे काम सुरू होते. आपल्याकडे निंदण उकिडवे बसून होते. चार-चार तास गुडघा पूर्ण मोडून. कापूस वेचणीत ओटीचे ओझे कमरेला बांधून वाकून चालायचे. तरुणपणी ते चालून जाते, साठीनंतर सांध्यातली कूर्चा झिजलेली असते. लांब दांड्याचे खुरपे, सायकल डवरा ही साधी अवजारे आहेत, उभ्याने काम होते. ओटी थोडी भरली की रिकामी करावी. बसून करायचे काम लहान स्टुलावर करावे. आमच्या आईने स्टूल घ्यायला दोन वर्षे नकार दिला, "लोक हसतील" म्हणून. आता तिच्या मैत्रिणी ते मागून नेतात. आणि एक व्यायाम: खाटेवर किंवा खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, खाली ठेवायचा. दहा वेळा उजवा, दहा वेळा डावा, सकाळ-संध्याकाळ. मांडी मजबूत झाली की गुडघ्यावरचा भार उतरतो. फुकटचा उपाय आहे म्हणून लोकांचा विश्वास बसत नाही. दीड-दोन महिने केल्याशिवाय मोजू नका.

फवारणी करून आल्यावर डोके दुखणे ही मात्र वेगळी गोष्ट. डोके दुखते, मळमळते, डोळ्यांपुढे अंधुक दिसते, घाम फुटतो, छाती दाटते, हे विषबाधेचे लक्षण आहे. त्यावर दुखण्याची गोळी घेऊन झोपू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, ती आपल्यासारखीच कापसातली माणसे होती. कपडे बदला, अंग साबणाने धुवा, आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. तसेच छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखत असेल तर ते गॅसचे आहे असे धरून गोळी शोधत बसू नये.

आता घरातल्या सुना-मुलांना एक काम सांगतो. बाबा, आई, आजी यांच्या सगळ्या गोळ्या एका डब्यात आणा. देवळीतल्या, उशीखालच्या, कोटाच्या खिशातल्या, पाहुण्यांनी दिलेल्या. प्रत्येकीचे खालचे नाव कागदावर लिहा. मुदत संपलेल्या आणि नाव नसलेल्या बाजूला काढा. दवाखान्यात जाताना तो डबाच न्या, "लाल गोळी आणि पांढरी गोळी" असे डॉक्टरला सांगून काही उपयोग नसतो. आणि म्हाताऱ्यांना विचारा. ते आपणहून सांगत नाहीत. शौचाला काळे होते का, लघवी कमी झाली का, पाय सुजतात का, हे विचारायला मुलाला संकोच वाटतो आणि सांगायला बापाला. मी विचारले असते तर बाबांनी कदाचित सांगितले असते.

काळे डांबरासारखे शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी किंवा रक्ताची उलटी, भोवळ, लघवी एकदम कमी होणे, यांपैकी काही दिसले तर गोळी बंद आणि दवाखाना. उद्या पाहू म्हणू नका. गाडी नसेल तर १०८ वर फोन लावा.

बाबा आता बरे आहेत. गुडघे दुखतातच, ते काही गेले नाहीत. ज्या दिवशी जास्त दुखतात त्या दिवशी पॅरासिटामॉल, एरवी शेक आणि मलम. वावरात ऊन व्हायच्या आत जाऊन येतात, पाण्याची बाटली सोबत असते. परवा शेजारच्या काकांनी त्यांना एक नवी गोळी देऊ केली. बाबांनी चष्मा लावून पाकीट उलटे केले, खालचे नाव वाचायचा प्रयत्न केला, आणि नातवाला हाक मारली.

तुमचे काही प्रश्न असतील तर पत्राने कळवा, आपल्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून उत्तरे घेऊन इथे वाचून दाखवू. आता रजा घेतो. रामराम.